कर्मचारी स्वतः घाईत असल्यामुळे

आमच्या ऑफिसचं काचेचं दार आपोआप मिटतं. माणूस आत शिरला की मोजून सात सेकंदांनी ते त्याच्या मागे बंद होतं. सावकाशकाका रोज सकाळी त्या दारात अडकत. एक पाय आत, खांद्यावरची पिशवी बाहेर, आणि दोहोंच्या मध्ये दार. ते न चिडता दार परत ढकलत, पिशवी आत ओढून घेत आणि मग पायपुसण्यावर आधी उजवा बूट पुसत, मग डावा. तोवर त्यांच्या मागे चौघंजण खोळंबलेले असत. त्या चौघांत एक हमखास मी असे.

मी आस्थापना विभागात काम करते. रजा, बढत्या, ओळखपत्रं, कुणाच्या खुर्चीचं चाक निखळलं, कुणाच्या बोटात पिन घुसली, सगळं माझ्या टेबलावरून पुढे जातं. मी एका वेळी तीन कामं करते आणि त्यातली दोन चुकवते. त्यामुळे काकांच्या मागे त्या दारात उभं राहणं म्हणजे माझी रोजची शिक्षाच होती. मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले असेन, ते इथे लिहीत नाही.

आमची कंपनी यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका तयार करते. पंप, पंखा, गिरणी, कापणीयंत्र, काहीही असो. ते कसं चालवावं आणि मुख्य म्हणजे कसं चालवू नये, हे आम्ही जगाला सांगतो. 'ओल्या हाताने बटण दाबू नये.' 'तुटलेल्या शिडीचा वापर करू नये.' अशी वाक्यं लिहिण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. आणि आमच्याच ऑफिसात पाणी तापवायच्या मशीनचा नळ दहा वर्षं गळत होता. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

या पुस्तिकांच्या जुन्या प्रती जिथे ठेवतात त्या अभिलेख खोलीचे काका प्रमुख. प्रमुख आणि एकुलते एक कर्मचारी. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी रॅक, आणि प्रत्येक रॅकला काकांच्या हातची चिठ्ठी. त्यांचं अक्षर असं, की छापील मजकूर शेजारी ठेवला तर छापणाऱ्याला लाज वाटावी. एक चिठ्ठी लिहायला त्यांना अर्धा तास लागे, पण एकतीस वर्षांत त्यांच्या खोलीतली एकही पुस्तिका हरवली नव्हती. कुणी घाई केली की ते म्हणत, "अरे, अति घाई संकटात नेई. बस. पाणी पी." माणूस पाणी पिऊन होईपर्यंत काका पहिल्या रॅकपर्यंत पोचलेले असत.

काकू मात्र दुसरं टोक. त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. गळ्यात शिट्टी, हातात सेकंद मोजायचं घड्याळ. निवृत्त झाल्या तरी घड्याळ सुटलं नव्हतं. काका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना चढून यायचे, तेव्हा काकू दारात उभ्या राहून वेळ मोजायच्या. अठ्ठेचाळीस पायऱ्या, चार मिनिटं दहा सेकंद. हा त्यांचा उत्तम दिवस. "चला, लवकर चला," हे काकूंचं आयुष्यभराचं वाक्य, आणि "आलोच," हे काकांचं. दोघांचा संसार या दोन वाक्यांवर बत्तीस वर्षं झकास चालला होता.

अपघात झाला तो एका मंगळवारी, दुपारच्या चहानंतर. आमच्या ड्रायव्हरदादांना एका जुन्या पंपाची पुस्तिका छापखान्यात पोचवायची होती. ती होती सगळ्यात वरच्या खणात. काकांच्या खोलीत एक घडीची शिडी होती. आम्ही तिला घोडा म्हणायचो. त्या घोड्याचे दोन पाय एकमेकांना धरून ठेवणारी पट्टी कधीच तुटली होती आणि तिच्या जागी नायलॉनची दोरी बांधलेली होती. नवा घोडा मिळावा म्हणून काकांनी तीन वर्षांत तीन अर्ज केले होते. वर्षाला एक, त्यांच्या रीतीप्रमाणे. तिन्ही अर्ज आमच्या व्यवस्थापकांकडे गेले. या साहेबांना आम्ही पाठीमागे पाहूसाहेब म्हणतो, कारण कुठल्याही अर्जावर ते कोपऱ्यात एकच शब्द लिहितात: पाहू.

काका दोरीची गाठ तपासून घोड्यावर चढले. ड्रायव्हरदादा खाली उभे होते. पुढे त्यांनी सगळ्यांना सांगितलं की एकेका पायरीला काकांनी इतका वेळ घेतला की त्यांना वाटलं आपण परत जाऊन आणखी एक चहा घेऊन येऊ शकतो. चौथ्या पायरीवर उभं राहून काकांनी हात वर केला, पुस्तिका ओढली आणि दोरी सुटली. घोड्याचे पाय दोन दिशांना गेले. काका उजव्या हातावर पडले.

दादा म्हणाले, "पडले तेसुद्धा सावकाशच. पण वाजलं जोरात." काका जमिनीवर पडल्यापडल्या पहिलं वाक्य बोलले ते असं: "पुस्तिका मिळाली."

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. बोटांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टर. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे हे राहील, नंतर तीन महिने जाणत्या माणसाकडून रोज व्यायाम करून घ्यावा लागेल, नाहीतर पेन धरता येईल याची खात्री नाही. ऑफिसात ही बातमी आली तेव्हा मी रॅकवरच्या त्या चिठ्ठ्या आठवून गप्प बसले. आणि मी गप्प बसणं ही आमच्याकडे बातमीच असते.

दुसऱ्या दिवशी पाहूसाहेब आणि मी अपघाताचा फॉर्म घेऊन काकांच्या घरी गेलो. आमच्याकडे कुणालाही लागलं की हा फॉर्म भरायचा असतो. मी चौदा वर्षं तो झेरॉक्स काढून लोकांपुढे ठेवत आले आहे. नाव लिहा, तारीख लिहा, कुठे लागलं ते लिहा, खाली सही करा. पुढे तो कंपनीचा विमा जिथे आहे तिकडे जातो, म्हणजे जायला हवा. बहुतेक फॉर्म माझ्या कपाटातच राहतात, कारण लोक बँडेज लावून कामाला लागतात आणि मीही.

काकूंनी चहा ठेवला. काकांनी डाव्या हाताने चष्मा लावला आणि फॉर्म वाचायला घेतला. वाचायला म्हणजे अगदी वरपासून. कंपनीचं नाव वाचलं. पत्ता वाचला. रकाना एक वाचला, दोन वाचला. पाहूसाहेब पाय हलवू लागले. माझा चहा संपला. पाहूसाहेबांच्या चहावर साय धरली. तेवढ्यात काका थांबले.

"हे कुणी लिहिलं?"

"काय, काका?" मी विचारलं.

"सातवा रकाना. अपघाताचे कारण. 'कर्मचारी स्वतः घाईत असल्यामुळे.'"

"ते छापलेलंच आहे."

"छापलेलं आहे ते दिसतंय गं. खरं आहे का, ते विचारतोय."

मी फॉर्म हातात घेतला. सातव्या रकान्यात, जिथे कोरी जागा असायला हवी, तिथे हे वाक्य सुबक टाइप केलेलं होतं. चौदा वर्षांत हा कागद माझ्या हातून किती वेळा गेला असेल, आणि मी तो एकदाही वाचला नव्हता. माझे कान तापले.

"अहो काका, ती नुसती पद्धत आहे," पाहूसाहेब म्हणाले. "सगळेच करतात सही. तुम्हाला उजवा हात वापरता येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा लावा. झालं."

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. "अंगठा? ह्यांनी?"

त्यांनी ते ज्या सुरात म्हटलं त्यानंतर पाहूसाहेबांनी शाईचा डबा परत खिशात ठेवला.

काका मात्र शांत होते. "साहेब, मी सत्तावन्न वर्षांत घाई केलेली नाही. शाळेत नाही, नोकरीत नाही. हिला विचारा, लग्नाच्या दिवशीसुद्धा वेळेवर पोचलो नव्हतो. माझ्यावर आळशीपणाचा आरोप करा, मी ऐकून घेईन. पण हा आळ मी घेणार नाही."

"सही केली नाहीत तर फॉर्म पुढे जाणार नाही," साहेब म्हणाले. "मग रजा बिनपगारी आणि औषधपाणी तुमचं तुम्ही."

"आणि केली तर?"

साहेबांनी कप जरा बाजूला सरकवला. सही केली तर चूक काकांची ठरणार होती, आणि स्वतःच्या चुकीने लागलं तर विमावाले हात झटकणार हे त्यांनाही ठाऊक होतं. शिवाय तो कागद काकांच्या सेवापुस्तकात लागणार. एकतीस वर्षं स्वच्छ असलेल्या त्या पुस्तकात, निवृत्तीला चौदा महिने उरले असताना, 'स्वतः घाईत असल्यामुळे'.

"तेव्हा मग माणुसकीच्या नात्याने काहीतरी पाहू," साहेब म्हणाले.

काकांनी फॉर्मची व्यवस्थित घडी केली आणि माझ्या हातात दिली. "खोट्याला सही नाही. चहा घ्या साहेब, गार झाला."

जिना उतरताना पाहूसाहेब "हट्टी माणूस" असं पुटपुटत होते. ऑफिसात आल्यावर मी कपाट उघडलं आणि आजवरच्या फॉर्मचा गठ्ठा काढला. चौतीस निघाले. मी दार लावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक काम सावकाश केलं. एकेक फॉर्म वाचला.

वाचता वाचता मला हसू आवरेना. आमच्या एका संपादकांच्या डोक्यात छताचा पोपडा पडला होता. ते तेव्हा खुर्चीवर बसून डुलकी घेत होते, ही गोष्ट सगळ्या ऑफिसला माहीत होती. कारण: कर्मचारी स्वतः घाईत असल्यामुळे. एका चित्रकाराला बसल्या जागी खुर्चीच्या पाठीने दगा दिला. कारण तेच. एकाचं बोट टेबलाच्या खणात चेमटलं, कारण खण उघडायला दोघांनी ओढावा लागायचा. कारण तेच. जगात कुठे नसेल इतकं संथ ऑफिस आमचं, आणि कागदोपत्री आम्ही सगळे वाऱ्याच्या वेगाने धावत आदळत होतो.

मग एका फॉर्मवर माझं हसू थांबलं. वरच्या मजल्यावरच्या टंकलेखिका ताई सुटलेल्या फरशीला अडखळून पडल्या होत्या. गुडघा फुटला. दीड महिना त्यांनी स्वतःची साठवलेली रजा वापरली आणि परत आल्यावर मला म्हणाल्या होत्या, "माझंच चुकलं, बघून चालायला हवं होतं." ती फरशी अजूनही सुटलेलीच होती. त्याखाली माझाच फॉर्म होता. गळक्या नळाच्या गरम पाण्याने हात भाजला होता. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी घाईत होते. मी रोजच असते. पण मी सावकाश गेले असते तरी नळ गळतच होता ना! घाई माझी असली तरी नळ कंपनीचा होता. इतकी साधी गोष्ट समजायला मला हाताला डाग पडून नऊ वर्षं लागली.

आणि आणखी एक गोष्ट समजली. आम्ही चौतीसही जण खरोखर घाईत होतोच, पण सही करताना. दुखत असतं, काम पडलेलं असतं, समोर माझ्यासारखी बाई 'खाली सही करा' म्हणून पेन पुढे करून उभी असते. वाचतं कोण? वाचायला सावकाशकाकाच लागले.

गठ्ठ्याच्या तळाशी सगळ्यात जुना फॉर्म होता, बावीस वर्षांपूर्वीचा. तो झेरॉक्स नव्हता, मूळ टाइप केलेला होता. त्यावरचं नाव वाचलं आणि मी तो वेगळा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी नवा कागद घेतला, फॉर्म हाताने आखून लिहिला आणि सातव्या रकान्यात दोरी, पट्टी, तीन अर्ज असं सगळं घातलं. अर्जांच्या प्रती काकांच्या खोलीत होत्याच, अर्थात तारखेप्रमाणे लावलेल्या, 'पाहू'सकट. काकांनी घरी बसून डाव्या हाताने सही केली. तिला सतरा मिनिटं लागली आणि ती माझ्या उजव्या हाताच्या सहीपेक्षा चांगली आली. पाहूसाहेबांकडे कागद नेला तर ते म्हणाले, "ठेवा, पाहू." मी ठेवला नाही. आस्थापना विभागाची म्हणून माझी सही करून मी तो, सोबत आमचा छापील फॉर्म जोडून, सरळ विम्याच्या ऑफिसात पाठवला. त्या रात्री मला झोप आली नाही, हेही सांगून टाकते. नोकरी मलाही हवी होती.

दहा दिवसांनी विम्याच्या तपासनीस बाई आल्या. गोल चष्मा, पातळशी वही, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू न देणारी शिस्त. त्यांनी बैठकीच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. काकांना काकूंनी आणलं होतं, हात झोळीत बांधलेला. खोलीला काचेची भिंत आहे, त्यामुळे लांबलचक व्हरांड्यातून काका येताना सगळ्यांना दिसत होते. बाईंनी त्यांना येताना पाहिलं, वही उघडली, तारीख घातली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. काका अजून झेरॉक्स मशीनपर्यंतच आले होते. बाई पाणी प्यायल्या. काका दारात पोचले, पायपुसणं शोधलं, ते इथे नसतं हे लक्षात आल्यावर आत आले आणि म्हणाले, "आलोच."

बाईंनी वहीतून डोकं वर न काढता पहिला प्रश्न विचारला. "अपघाताच्या वेळी हे गृहस्थ घाईत होते असं कंपनीच्या फॉर्मवर छापलेलं आहे. इथे कुणी त्यांना घाईत असताना पाहिलं आहे का? त्या दिवशी किंवा कधीही?"

मग मागच्या रांगेतून कुणीतरी नाकातून आवाज काढला. त्याला दाबायला शेजारच्याने तोंडावर हात धरला आणि त्यालाच फुटलं. आणि मग सगळं ऑफिस हसलं. पंचावन्न माणसं. टंकलेखिका ताई टेबल धरून हसत होत्या. संपादक डोळे पुसत होते. काकूंनी हसता हसता गळ्यातली शिट्टी तोंडात घालून वाजवली, तेव्हा तर हसण्याला ऊतच आला. काका मधोमध उभे राहून सगळ्यांकडे प्रेमाने बघत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"मग हे वाक्य आलं कुठून?" त्यांनी विचारलं.

मी तो जुना फॉर्म पुढे केला. पण मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरदादाच उठले. फॉर्म पाहिला आणि हात वर केला.

"बाई, ती घाई माझी आहे."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"बावीस वर्षं झाली. खालच्या टेबलावर फोन आला की मुलगी झाली म्हणून. मी वरून निघालो, दोन-दोन पायऱ्या टाकत, आणि शेवटच्या वळणावर आपटलो. नडगी फुटली. त्या वेळचे मोठे बाबू फॉर्म टाइप करायला बसले, म्हणाले, कारण काय लिहू? मी म्हटलं, लिहा, मी स्वतःच घाईत होतो! आणि मी लंगडत दवाखान्यात गेलो. पोरगी पाहिली." त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "माझ्या बाबतीत ते खरं होतं हो. अगदी शंभर टक्के खरं होतं."

पुढचं मला उलगडलं. फॉर्म झकास टाइप झाला होता, म्हणून त्या बाबूंनी त्याची एक झेरॉक्स काढली, तिच्यावर दादांच्या नावाला, तारखेला आणि नडगीला व्हाइटनर लावला आणि तिच्याच पुढे प्रती काढून घेतल्या. सातव्या रकान्यावर व्हाइटनर लावायचं राहून गेलं. एका बापाच्या आनंदाची घाई बावीस वर्षं आम्हा सगळ्यांच्या नावावर चढत राहिली, माझ्या हातून तर चौदा वर्षं.

बाई पाहूसाहेबांकडे वळल्या. तीन अर्ज त्यांच्यासमोर ओळीने मांडले. साहेबांनी एकेक अर्ज उचलून वाचला. मला वाटलं आता कारणं सुरू होतील. नाचता येईना अंगण वाकडं, हा अनुभव आम्हाला नवा नव्हता. पण साहेबांनी चष्मा काढला आणि काकांकडे पाहिलं.

"मी 'पाहू' लिहिलं," ते म्हणाले. "पाहिलं नाही. एकदासुद्धा."

काकांनी डाव्या हाताने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "होतं असं, साहेब. घाईत होतं." आणि पुन्हा सगळे हसले, साहेबसुद्धा. त्या दिवशी मला तो माणूस पहिल्यांदा आवडला.

दुसऱ्याच दिवशी अभिलेख खोलीत नवा घोडा आला, रुंद पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना पट्ट्या, पायांना रबर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आठवड्याभरात सुटलेली फरशी बसली, नळ बदलला. काकांचा निकाल मात्र लागला नव्हता. प्लॅस्टर निघालं, मनगटाला पट्टा आला आणि काका हलक्या कामावर परतले. पण नवी चिठ्ठी लिहायची वेळ आली की ते माझ्याकडे येत आणि म्हणत, "तू लिही. माझं अजून गिरबटतं." मी लिहून दिलेली चिठ्ठी ते रॅकला लावत आणि तिच्याकडे इतक्या सहनशीलपणे बघत की मला रडू यायचं. व्यायामाला जाणं चालू होतं, पण दर वेळी परत आल्यावर विचारत, "काही आलं का गं?"

"नाही काका. त्यांचं काम सावकाश चालतं."

"चालू दे. नीट करत असतील."

असं ते म्हणायचे, पण त्यांच्या मनाला ते लागलं होतं. काकूंनी मला फोनवर सांगितलं, "रात्री उठून बसतात. म्हणतात, शेवटी माझ्या पुस्तकात खोटंच राहणार का गं?" काकू आणि खालच्या आवाजात बोलताहेत, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पत्र आलं ते अपघातानंतर दहाव्या आठवड्यात, संध्याकाळी ऑफिस सुटायच्या जरा आधी. मी लिफाफा तसाच न फोडता घेऊन अभिलेख खोलीत धावले. काकांनी कात्रीने कड कापली. चष्मा लावला. वरपासून वाचायला लागले. विमा कंपनीचं नाव, पत्ता, संदर्भ क्रमांक. मी नखं खात होते.

"काका, सातवा रकाना!"

"येतोय, येतोय तिथे."

तिथे आल्यावर ते थांबले. मग मोठ्याने वाचलं. "अपघाताचे कारण: तीन वेळा लेखी कळवूनही सुस्थितीतील शिडी पुरवली नाही. जबाबदारी कंपनीची. कर्मचाऱ्याचा कोणताही दोष नाही." खाली औषधपाणी, पगारी रजा, तीन महिन्यांचा व्यायाम, सगळं मान्य होतं, आणि जुने फॉर्म नव्याने भरून पाठवावेत असंही लिहिलं होतं. पण काकांनी ते वाचलंच नाही. जो माणूस कागदाचा शेवटचा ठिपकाही सोडत नाही, त्याने निम्म्यावर घडी घातली.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेपाच. का?"

ते उठले. खुर्ची मागे पडली, त्यांनी ती उचलली नाही. पिशवी तशीच खुंटीवर. मी ती घेऊन बाहेर येईपर्यंत ते व्हरांडा ओलांडून दाराशी पोचले होते. दार उघडलं, काका बाहेर पडले आणि त्यांच्या मागे सात सेकंदांनी दार रिकामंच मिटलं. टेबलांमागून सगळी माणसं उभी राहून बघत होती. कुणाला हसायलाही सुचलं नाही.

मी पिशवी छातीशी धरून त्यांच्या मागे पळाले. ते रस्त्याच्या कडेने असे चालले होते की माणसं बाजूला होत होती. चौकात क्षणभर थांबले, दोन्हीकडे पाहिलं, ओलांडलं. मी हाका मारत होते, ते डावा हात मागे हलवत होते, आणि त्या हातात पत्र होतं. त्यांची इमारत आली. मी खाली जिन्याशी पोचले तेव्हा वर त्यांच्या बुटांचा आवाज घुमत होता. एक पायरी सोडून एक.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. काकूंचा आवाज आला, "कोण पळतंय जिन्यात? कुणाचं काय झालं?" मग बहुतेक त्यांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. मी दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत कठडा धरून उभी होते, म्हणून मी ते माझ्या कानांनी ऐकलं. बत्तीस वर्षं त्या माणसाला 'लवकर चला' म्हणत आलेली ती बाई जिवाच्या आकांताने ओरडली:

"अहो, हळू! पडाल!"

बूट थांबले. मी उरलेल्या पायऱ्या चढून वर गेले. काका शेवटच्या पायरीवर, केस विस्कटलेले, चेहरा लाल, श्वास आवरत नव्हता. काकूंनी दोन्ही हातांनी त्यांचे दंड धरले होते. घड्याळ त्यांच्या गळ्यात तसंच लोंबत होतं, ते दाबायचं त्यांना सुचलंच नव्हतं. काकांनी पत्र वर धरलं आणि धापांमधून कसेबसे शब्द काढले:

"अगं, आलं पत्र. मी... मी घाईत नव्हतो."